अहवालातला हात

।। श्री ।।
प्रताप नगर, जयपूर
८ जुलै २०२४

ती. अक्कास,
प्रभाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानाचं यंत्र तू पुन्हा कपाटात ठेवून दिलंस, हे वाचून मला मुळीच नवल वाटलं नाही. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे खालच्या किराणावाल्याला आमच्या घरची सगळी हकीकत कळते, तेव्हा पत्रंच बरी. इकडे सगळं ठीक. ह्यांनी निवृत्तीनंतर कूलरमध्ये पाणी भरण्याचं काम आपल्याकडे घेतलं आहे आणि रेल्वेत केली नसेल इतकी तपासणी ते दिवसातून चारदा करतात. आमचा कैवल्य पुण्यात मजेत आहे, मतलब फोन करत नाही. बघ, ‘मतलब’ आलंच. सव्वीस वर्षं इथे काढल्यावर ते आता जायचं नाही.

तुझ्या होस्टेलात किती मुली, असं विचारलंस. अक्का, पाचव्यांदा सांगते, ते होस्टेल नव्हे. हाउसिंग बोर्डाचे दोन फ्लॅट जोडून केलेलं घर आहे. आठ मुली, बारा ते अठरा वयाच्या. घरी राहणं धोक्याचं म्हणून बालकल्याण समितीने आमच्याकडे सोपवलेल्या. मी अधीक्षिका, दोन गृहमाता, एक स्वयंपाकीण आणि मयूरी. मयूरी समुपदेशक आहे, कैवल्यच्या वयाची, आणि माझी गुरू. मुली मला काकूजी म्हणतात. ‘काकू’ मी शिकवलं, ‘जी’ त्यांनी लावलं.

गेल्या महिन्यात नववी मुलगी आली नाही, पण गेलेल्या आठवीच्या जागी नवी आली. संपदा. पंधरा वर्षांची, आणि मराठी! वडील रेल्वेत, बदलीने इथे आलेले. ती नऊ वर्षांची असताना आई गेली, दोन वर्षांनी वडील. मग आत्याकडे. आत्याच्या घरातून ती दोनदा पळाली. दुसऱ्यांदा समितीने परत पाठवलं नाही. फाइलीत कारणाची एकच ओळ आहे: घरी राहणे सुरक्षित नाही. का, ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. दोन वर्षांत ही तिची चौथी जागा. आधीच्या तिन्ही ठिकाणांहून तिला ‘वर्तन’ या सदराखाली पुढे पाठवलं आहे.

ती पाठ भिंतीला लावून बसते. ताट घेऊन दाराजवळ उभ्याने जेवते. मागून कुणी आलं की हातात असेल ते फेकते. शनिवारी रिकामी वाटी होती, रविवारी भरलेली.

आमच्याकडे मयूरीने एक पद्धत लावून दिली आहे. प्रत्येक मुलीचं एक मोठं माणूस ठरलेलं. त्याने तिला रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास द्यायचा. मुलीने त्या दिवशी काहीही केलेलं असो, तो अर्धा तास कापायचा नाही. संपदा माझ्या वाट्याला आली आहे. आमची वेळ पाच ते साडेपाच. अजून ती आलेली नाही. मी रोज पाचला जिन्याजवळच्या बाकावर जाऊन बसते आणि साडेपाचला उठते. आता तू हसशील, ते मला इथून ऐकू येतंय.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया आहे तेवढीच ठेव, वाढवलीस तर उपदेशही वाढतो.

तुझी
प्रभा


।। श्री ।।
अमळनेर
२४ जुलै २०२४

सौ. प्रभा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले नाही. एकटीच बाकावर बसणारी अधीक्षिका डोळ्यापुढे आणली आणि तुझी काळजी वाटली.

वरणाची वाटी फेकणाऱ्या मुलीला बक्षीस म्हणून अर्धा तास द्यायचा, ही पद्धत ज्यांनी काढली त्यांनी वर्ग सांभाळलेला नसावा. मी चौतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. मुलांना नियम लागतो, आणि नियम मोडला तर काय होतं हे आधी माहीत असावं लागतं. तुमच्याकडे मोडला तरी काही होत नाही, मग मोडणार नाही तर काय करतील?

परवा गुरुपौर्णिमेला सतरा जण येऊन पाया पडून गेले. त्यातला एक आता फौजदार आहे. तो वाकला तेव्हा त्याच्या गुडघ्यांचा आवाज मला यंत्राशिवाय ऐकू आला. मोठ्यांपुढे वाकायची सवय लागली की मुलांचं निम्मं बंड आपोआप उतरतं, हा माझा अनुभव. ती मुलगी आपल्यातली आहे, तिला आपल्या घरची वळणं आठवत असतील. ती पुन्हा लाव. सकाळ-संध्याकाळ मोठ्यांना वाकून नमस्कार, एवढ्यापासून सुरू कर. तुलाही मी असंच वाढवलं. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, आणि काही कमी हट्टी नव्हतीस.

इकडे भरिताच्या वांग्यांना अजून अवकाश आहे. चंद्रकांतरावांना म्हणावं, कूलरला विश्रांती द्या.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी
अक्का (रत्नमाला)


।। श्री ।।
प्रताप नगर, जयपूर
२० ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

रागावले नाही. तीज सणाच्या गडबडीत पत्र राहिलं. आठवडाभर घरात घेवर मिठाईचे इतके डबे आले की मुलींनी शेवटी पोळी मागितली.

संपदा बाकावर आली. एकोणिसाव्या दिवशी. चार मिनिटं बसली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी सहा. बोलणं काही नाही. मग एका सकाळी तिने न्हाणीघरातला आरसा फोडला. कुणी मागून येऊन तिची वेणी ओढली होती, गंमत म्हणून. त्या दिवशी पाचला ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती, मी बसले आहे का. मी बसले होते. तीन पायऱ्या खाली आली. तिथूनच तिने मला सांगितलं की जयपूरहून मुंबईला जाणारी गाडी दुपारी दोनला सुटते. मी म्हटलं, हो का. एवढंच. पण त्या दिवशी ती पूर्ण अर्धा तास थांबली.

तेव्हापासून आमचं बोलणं गाड्यांवर चालतं. तिला वडिलांमुळे सगळं वेळापत्रक पाठ आहे, निदान चार वर्षांपूर्वीचं. मी घरी येऊन ह्यांना सांगते, हे चुका काढतात, मी दुसऱ्या दिवशी त्या तिला पोचवते आणि ती ह्यांच्या चुका काढून परत पाठवते. हे तिला भेटलेले नाहीत, पण रोज पाचच्या आधी तयारी करून ठेवतात.

मयूरी म्हणते की अशा मुलीला माणूस टिकतं का हे पाहायचं असतं, आणि ते पाहायला तिच्याकडे मोडतोडीशिवाय दुसरं साधन नसतं. वर्गातल्या चाळीस मुलांना हे लागू होईल असं माझंही म्हणणं नाही. पण आठांना होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी माझ्या हाताने हिंदीत लिहून लावलं आहे, की हात लावण्याआधी विचारा. गृहमाता विसरतात, मी टोकते.

तुझा सल्ला मात्र निम्मा पटला. घरी नमस्काराची सक्ती करणार नाही, पण गणपतीत सगळ्या मुलींना आपल्या मराठी मंडळात आरतीला नेणार आहे. आप्पासाहेब येतील. तुला आठवत असतील, मोठे इंजिनियर होते, आता एक्क्याऐंशीचे आहेत. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष, हे दोन्ही फ्लॅट त्यांनीच दिले. फार सज्जन माणूस. आरतीनंतर मुलं त्यांच्या पाया पडतात, ते डोक्यावर हात ठेवतात आणि वही-पेन देतात. तीस वर्षांचा रिवाज आहे. संपदाला मराठी माणसं दिसतील, मोदक मिळतील.

प्रेम कमी होऊ देऊ नकोस, आणि यंत्र कपाटातून काढ.

तुझी
प्रभा


।। श्री ।।
प्रताप नगर, जयपूर
१२ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

रविवारी मंडळात जे झालं ते क्रमाने लिहिते.

शनिवारच्या अर्ध्या तासात संपदाने सांगितलं होतं की ती येईल, मोदक खाईल, पण वाकणार नाही. मी कारण विचारलं. तिने अजमेरच्या गाडीची वेळ सांगितली. मी म्हटलं, अगं, दोन सेकंदांचं काम आहे.

आरती झाली. आप्पासाहेब मखराशेजारी दोन पायऱ्यांच्या चौथऱ्यावर खुर्चीत बसले होते. मुली रांगेने पुढे गेल्या. संपदा सहावी. ती समोर गेली आणि नुसती उभी राहिली. मागे मंडळाची तीसेक माणसं खोळंबली. कुणीतरी म्हणालं की इकडे वाढलेल्या पोरांना आपल्या रीतीभाती कुठून येणार. मी तिच्या मागेच होते. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि किंचित खाली दाबलं. तू मला वाकवायचीस, आई तुला वाकवायची, तितकंच. त्याच वेळी आप्पासाहेबांचा हात आशीर्वादाला तिच्या डोक्यावर आला.

तिने दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. खुर्ची कलंडली, ते पायऱ्यांवरून खाली आले. डाव्या मनगटाचं हाड मोडलं आहे. चष्मा फुटला. ती पळाली नाही. चपलांच्या मांडणीमागे जाऊन कोपऱ्यात बसली आणि दोन तास बाहेर आली नाही. मयूरी वैशाली नगरहून आली, तिच्यापासून सहा फुटांवर जमिनीवर बसली आणि बसून राहिली. मग संपदा उठली. मी तेव्हा आप्पासाहेबांबरोबर दवाखान्यात होते. तिथून घरी यायला साडेसात झाले. पाच वाजून गेले होते. सोमवारी मी बाकावर बसले, ती आली नाही. मंगळवारी, बुधवारीही नाही. पुन्हा उभ्याने जेवू लागली आहे.

ट्रस्टचे सचिव पंढरीनाथजी यांचं म्हणणं, आता हे मूल इथे ठेवता येणार नाही. दुसऱ्या जिल्ह्यात साठ मुलींचं मोठं बालगृह आहे, फाटकाला कुलूप असतं, तिथे पाठवावं. ३० तारखेला समितीपुढे सुनावणी आहे. अधीक्षिकेचा अहवाल लागतो. तो मी काल लिहिला. नक्कल सोबत जोडली आहे, एकदा वाच. भाषा तुझी चांगली. तिची पाचवी जागा होईल, अक्का. पण आप्पासाहेब एक्क्याऐंशीचे आहेत, आणि मला त्यांच्यासमोर उभं राहवत नाही.

जास्त काय लिहू. मनात जागा असू दे.

तुझी
प्रभा


।। श्री ।।
अमळनेर
१९ सप्टेंबर २०२४

सौ. प्रभा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि अहवाल दोन्ही शेजारी ठेवून वाचले. वह्या तपासायची सवय जात नाही. आधी मुलीचा राग आला, हे लपवत नाही. म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

अहवालात तू लिहितेस, ‘रांगेत उभी असताना कोणतेही कारण नसताना सदर मुलीने अध्यक्षांना ढकलले.’ व्याकरण ठीक आहे. पण पत्रात तुझा हात आहे आणि अहवालात नाही. तो कुठे गेला? हात लावण्याआधी विचारा असा कागद भिंतीवर कुणी लावला होता? तुझं काय झालं ते मला कळतं. वाकवणारा हात हा आपल्याला हात वाटतच नाही. मलाही वाटला नसता. पत्रात तो सहज लिहून गेलीस, तेवढी मात्र प्रामाणिक आहेस.

आता माझं सांगते. मी मुख्याध्यापिका झाले त्याच्या पुढच्या वर्षी सातवीतली एक मुलगी प्रार्थनेच्या रांगेत उभी होती. पी.टी.च्या सरांनी तिला दंडाला धरून सरळ उभं केलं. ती त्यांच्या हाताला कडकडून चावली. तीन टाके पडले. मी दोन दिवसांत तिला शाळेचा दाखला देऊन काढलं. कारणाच्या रकान्यात मी ‘वर्तन’ लिहिलं. तिचे आईवडील माझ्या खोलीत मान खाली घालून उभे होते, आणि खरं सांगते, मला माझ्या खंबीरपणाचं कौतुक वाटलं होतं. त्या मुलीला मी एकही प्रश्न विचारला नाही. गेले तीन दिवस तिचं नाव आठवते आहे. सरांचं नाव आठवतं, टाके आठवतात, तिचं नाव नाही. मला लाज वाटते आहे, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती वाटून त्या मुलीला काही उपयोग नाही.

तू अजून नोकरीत आहेस. सुनावणीला अकरा दिवस आहेत. हात अहवालात लिही. नोकरी जाईल तर जाईल; चंद्रकांतरावांच्या पेन्शनवर दोघांचं भागतं, आणि नाही भागलं तर अमळनेरला या. मी जुलैत दिलेला सल्ला परत घेते.

स्पीड पोस्टाने टाकते आहे. पोचल्याचं कळव. नेहमीसारखीच तुझ्यावर हक्क सांगणारी,

अक्का


।। श्री ।।
प्रताप नगर, जयपूर
३ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
नमस्कार, वि. वि.

आज वर ‘साष्टांग’ लिहिताना हात थांबला, म्हणून नुसताच नमस्कार. तू समजून घेशील.

तुझं पत्र २३ला पोचलं. दोन दिवस मी ते कपाटात ठेवलं, तुझ्या यंत्रासारखं. मग ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की रेल्वेत अपघात झाला की आधी सिग्नल कुणी दिला ते लिहावं लागतं, रूळ वाकडे होते हे नंतर. मी अहवाल फाडला आणि नवा लिहिला.

सुनावणीआधी आप्पासाहेबांना भेटून यायचं ठरवलं. प्लास्टर गळ्यात अडकवून बसले होते. मी काय लिहिलं ते सांगितलं. ते म्हणाले की त्यांनी आजवर शेकडो मुलांच्या डोक्यावर हात ठेवला, पण कुणी त्यांना असं झिडकारलं नव्हतं. हाडापेक्षा त्यांना तेच लागलं आहे. मग त्यांनी मला विचारलं, की बाकीच्यांनाही ते नको वाटत असेल का. मी म्हटलं, मी कधी कुणाला विचारलं नाही. त्यांनी सुनेला, गौतमीला, चहा आणायला सांगितला. चहा पिऊन मी निघाले. ते पुन्हा मुलींच्या घरी येतील असं वाटत नाही.

समितीत तीन सदस्य होते. संपदा खुर्ची भिंतीला लावून बसली होती. अहवाल मोठ्याने वाचतात, मुलीसमोर. पहिल्या पानावर ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिला आदल्या दिवशी दोन सेकंदांचं काम म्हटलं, हे वाचलं गेलं. मग मानेवरचा हात वाचला गेला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पंढरीनाथजींनी मध्येच सांगितलं की अधीक्षिका भावनेच्या भरात स्वतःवर ओढवून घेत आहेत. मी म्हटलं, भावना काही नाही, घडलं तसं लिहिलं आहे, आणि आमचा नियम आधी मी मोडला.

सदस्य बाईंनी संपदाला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का. इतके दिवस न बोललेल्या मुलीने त्यांना विचारलं, की त्या रविवारचा पाचचा अर्धा तास बुडाला, तो भरून मिळणार का. बाईंना काही कळेना. शेजारी बसलेल्या मयूरीने सांगितलं, मिळेल.

निकाल असा: तीन महिने संपदा इथेच राहील, जानेवारीत पुन्हा बघू. माझ्याबद्दल ट्रस्टने ठरवलं की अधीक्षिकापद काढून घ्यावं. दिवाळीनंतर नव्या बाई येतील. मी गृहमाता म्हणून राहू शकते. राहते म्हटलं. रजिस्टरं जातील, कपडे मोजणं आणि भांडणं सोडवणं येईल. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. नावापुढचा तो शब्द मला आवडत होता.

काल पाच ते सहा बसलो. एक तास. बुडालेला धरून.

तुझा शब्द उशिरा का होईना ऐकला, म्हणून रागलोभ दोन्ही सांभाळून ठेव.

तुझी
प्रभा


।। श्री ।।
अमळनेर
५ नोव्हेंबर २०२४

सौ. प्रभा हीस,
अनेक आशीर्वाद. दिवाळी छान झाली असेल.

पद गेल्याचं अभिनंदन करायचं की नाही ते ठरेना, म्हणून सोबत पार्सलने चिवडा पाठवते आहे.

पाडव्याला शेजारचं बिऱ्हाड फराळाला आलं. त्यांची सहा वर्षांची मुलगी आईच्या मागे लपली होती. आईने नेहमीप्रमाणे तिला पुढे ढकललं, आजींच्या पाया पड म्हणून. मी पाय खुर्चीखाली घेतले. आईने काळजीने विचारलं की पाय दुखतात का. मी म्हटलं, हो, फार दुखतात, कुणी हात लावायचा नाही. मुलीने लगेच तोंड बाहेर काढलं आणि माझ्या ताटातली करंजी उचलली. इतक्या वर्षांत माझ्याशी इतकं उद्धट मूल वागलं नव्हतं. मला बरं वाटलं.

शाळेत जाऊन जुनं रजिस्टर बघून आले. त्या वर्षाची पानं वाळवीने खाल्ली आहेत. नाव मिळालं नाही. आता मिळणारही नाही.

संपदाला माझे आशीर्वाद सांग. नको असतील तर सांगू नकोस.

अक्का


।। श्री ।।
प्रताप नगर, जयपूर
२१ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
नमस्कार, वि. वि.

चिवडा दोन दिवसांत संपला. संक्रांतीला सगळ्या मुली गच्चीवर होत्या, आणि पतंग कापला की इथे जे ओरडतात ते ऐकायला तुझ्या यंत्राची गरज पडली नसती. संपदा भिंतीला पाठ लावूनच उडवते, पण उडवते.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी, बाकावर, तिने मला सांगितलं. काय सांगितलं ते लिहिणार नाही. ते तिचं आहे. एवढंच लिहिते, की आत्याच्या घरी सकाळी सगळ्या मुलांनी आत्याच्या सासऱ्यांच्या पाया पडायचं असे, आणि तिची पाळी शेवटची लावलेली असे. बाकीची मुलं तोवर शाळेला गेलेली असत. अक्का, मी तिच्या मानेवर हात ठेवला होता. हे वाक्य मी रोज एकदा मनात म्हणते आणि त्याचं काही होत नाही.

मी तिला सांगितलं की हे माझ्यापाशी ठेवता येणार नाही, मला ते समितीला कळवावंच लागेल, आणि आधी तिला सांगून मगच कळवेन. ती म्हणाली की अहवालात नीट लिहा, त्या दिवशीच्यासारखं. दुसऱ्या दिवशी तिनेच सदस्य बाईंपुढे सगळं सांगितलं. पोलिसांतली एक बाई साध्या कपड्यांत येऊन लिहून गेली. त्या घरात अजून दोन लहान मुली आहेत, त्यांची चौकशी सुरू झाली आहे. त्या रात्री तिने दोन ताटल्या फोडल्या. मी म्हटलं, स्टीलच्या का नाही घेतल्यास. ती हसली नाही, पण तुकडे तिनेच भरले.

काल फेरसुनावणी झाली. अठरा पूर्ण होईपर्यंत इथेच. आठवड्यातून दोनदा ती बगरूला कापडावरची ठशांची छपाई शिकायला जाते. शिकवणाऱ्या बाई दुरून बोलतात, तिला ते आवडतं.

तिला तुला पत्र लिहायचं आहे. अहवालात हात लिही असं कुणी म्हटलं, ते मी सांगितलं होतं. मराठीत लिहायचा हट्ट आहे, आणि मी तपासायचं नाही ही अट. तेव्हा जसं येईल तसं वाच. लाल पेन घेऊ नकोस.

आपली माया अशीच वाहती असू दे.

तुझी
प्रभा


जयपूर
९ फेब्रुवारी २०२५

रत्नमाला आजीजी,

नमस्कार लिहित नाही. काकूजी म्हणाल्या तुम्हाला चालेल.

मी मराठी बोलते पण लिहिते पहिल्यांदा. चुका हिंदीवाल्या असतील. तुम्ही हेडमास्टर होत्या म्हणून भीती वाटते, थोडी.

काकूजींनी सांगितलं की त्यांच्या पहिल्या अहवालात हात नव्हता आणि तुम्ही विचारलं कुठे गेला. माझ्यावर आधी तीन ठिकाणी अहवाल झाले. मी काय फेकलं ते सगळ्यांत आहे. फेकायच्या आधी काय झालं ते कोणत्याच नाही. समितीत पहिल्यांदा ऐकलं की आधीचं पण लिहितात. तेव्हा मला वाटलं की मग मी पण सांगू शकते. मतलब आधीचं.

आप्पासाहेबांना मी चिठ्ठी पाठवली. हात मोडला त्याचं वाईट वाटतं असं लिहिलं. माफी असं लिहिलं नाही. त्यांचं उत्तर आलं नाही. न आलं तरी ठीक.

काल काकूजींना ताप होता. पाचला त्या घरी होत्या, बाकावर कोणी नव्हतं. मी काही फोडलं नाही. मी एकटीच बसले, साडेपाचपर्यंत, मग वर गेले. आज त्या आल्या तर मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

चिठ्ठीच्या शेवटी लोभ असावा ही विनंती असं लिहायचं असतं, काकूजींनी शिकवलं, त्याचा मतलब पण सांगितला. आधी मी जिथे जिथे होते तिथे पुष्कळ विनंती केली, इथून पाठवू नका म्हणून. आता करत नाही. तुम्हाला लोभ ठेवायचा असला तर ठेवा. पत्ता बदलणार नाही.

संपदा